दोन गाड्यांच्या मधली भाकरी

कर्जतच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी जाऊन गाडी कधी येणार असं विचारलं की उत्तर मिळायचं, आणि उत्तराच्या पाठोपाठ एक प्रश्नही मिळायचा. खिडकीमागचे कंट्रोलर भानुदास सुपेकर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "मावशी, राशीनची गाडी आत्ता लागंल. तवर एक सांगा. भाकरीच्या पिठाला पानी गरम घेता का गार?"

मावशी आधी गोंधळायच्या. खाकी कपड्यातला, भरघोस मिशांचा सरकारी माणूस आपल्याला भाकरीबद्दल विचारतोय, यात काहीतरी खोच असणार असं त्यांना वाटायचं. मग शेजारची कुणीतरी म्हणायची, "आगं सांग की, अण्णा समद्यांनाच इच्यारत्यात." आणि एकदा सांगायला लागल्या की मावशींना थांबवणं अवघड व्हायचं. गाडी लागली तरी खिडकी सुटायची नाही.

मी त्र्याण्णवच्या जूनमध्ये कर्जतला मुलींच्या शाळेत गणिताची बाई म्हणून रुजू झाले. घर नगरला, इथे एक भाड्याची खोली. शनिवारी शाळा सुटली की नगरची गाडी धरायची आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परतायचं, असा माझा नेम. त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी अण्णांच्या खिडकीशेजारच्या बाकावर माझा मुक्काम असायचा. सगळा स्टँड त्यांना अण्णा म्हणायचा, मीही म्हणायला लागले. ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना वचकून असत. आवाज असा की माइकची गरज नव्हती, तरी माइकवर त्यांचं भारी प्रेम. "प्रवाशांनी लक्ष द्यावे" एवढं ते शुद्ध मराठीत म्हणत आणि पुढचं सगळं कर्जतच्या मराठीत.

पण भाकरीचं प्रकरण सुरू झालं ते मी तिथे गेल्यावर, आणि त्याचं कारण माझ्याच वर्गात बसत होतं.

मंगल सुपेकर तेव्हा नववीत होती. गणितात चांगली, अक्षर नेटकं, पण रोज पहिला तास बुडवायची. माझा तास पहिलाच असल्यामुळे मला ते जास्त झोंबायचं. दोनदा तिला वर्गाबाहेर उभं केलं. ती मान खाली घालून उभी राहिली, कारण सांगितलं नाही. शेवटी तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, "बाई, तिच्या आईचे हात गेलेत." शालनवहिनींना, म्हणजे अण्णांच्या बायकोला, संधिवातानं धरलं होतं. बोटं वाकडी होऊन तळव्याकडे वळलेली. कपबशी धरवत नव्हती, मग भाकरी कुठली थापणार? पाणी, झाडलोट, स्वयंपाक सगळं त्या पोरीवर आलं होतं. ती भात टाकायची, कसंबसं कालवण करायची, आणि भाकरी कुणी शेजारीण करून द्यायची तर दिली.

अण्णांना एक थोरली बहीण होती, आक्का. राशीनला दिलेली. आई लवकर गेल्यावर आक्कानंच अण्णांना वाढवलं होतं, त्यामुळे आक्कापुढे त्यांच्या तोंडातून ब्र निघत नसे. स्टँडवर वाघ आणि आक्कापुढे शेळी, असं कंडक्टर मंडळी म्हणायची, आणि ते खरं होतं. त्या दिवाळीला आक्का आल्या, घर बघितलं आणि निकाल देऊन टाकला: मंगलची शाळा बंद करा. शिकून शेवटी भाकरीच थापायची ना, मग आत्तापासून थापू दे.

अण्णांनी नाही म्हटलं नाही. "वार्षिक परीक्षा तर हू दे आक्का," एवढं म्हणून त्यांनी उन्हाळ्यापर्यंतची मुदत मिळवली. आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरी शिकायला घेतली.

आता कुणी म्हणेल, घरात बायको आहे, तिला विचारावं. विचारलं होतं. शालनवहिनी म्हणाल्या होत्या, "मी जित्ती असताना तुमी चुलीपुढं बसायचं? लोक माझ्या तोंडात शेण घालतील." नवऱ्यानं चूल फुंकायची म्हणजे आपण मेल्यात जमा, असा त्यांचा हिशेब. आजारपणाचं त्यांना जेवढं दुःख नव्हतं तेवढं या लाजेचं होतं. त्या शिकवणार नाहीत हे ठरलं. शेजारणींना विचारावं तर गल्लीभर होणार. राहता राहिली खिडकी, जिच्यासमोर तालुक्यातल्या सगळ्या सुगरणी रोज रांग लावून उभ्या राहत होत्या.

अण्णांना स्वयंपाकातलं काहीच येत नव्हतं असंही नाही. उलट त्यांना जरा जास्तच येत होतं. त्यांच्या गावी सप्त्याच्या शेवटच्या दिवशी जे गावजेवण व्हायचं त्याची आमटी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होती. पाचशे माणसांची आमटी ते डोळे झाकून करत. कढई एवढी की उलथन्याऐवजी वल्हं घेऊन उभं राहायचं. आमच्याकडचे पुरुष स्वयंपाक करतात तो असाच, वर्षातून एकदा आणि पाचशे माणसांचा. घरी तिघांचा करायचा म्हटलं की त्यांना पातेलं कुठे ठेवलंय तेही माहीत नसतं.

तेव्हा अण्णांनी सुरुवात आमटीनं केली. ती तर आपल्याला येते, फक्त थोडी करायची. त्यांनी थोडी केली. ती थोडी आमटी गल्लीतल्या सगळ्या घरी तांब्या-तांब्यानं वाटून दुसऱ्या दिवशीही उरली. वाटायला मंगलला पाठवताना शालनवहिनींनी बजावलं, "कुनी इच्यारलं तर म्हन, मीच केली." आमटी झणझणीत होती. गल्लीनं मंगलचं कौतुक केलं.

त्या शनिवारी मी बाकावर येऊन बसले तसे अण्णा खिडकी सोडून बाहेर आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, तुमी गनिताच्या. एक त्रैराशिक मांडून द्या. पाचशे मानसाला पायलीभर मीठ, तर तीन मानसाला किती?"

मी हसले, पण त्यांचा चेहरा बघून हसू आवरलं. मंगलची सगळी हकीकत तेव्हा त्यांच्या तोंडून मला कळली. मी तिथल्या तिथे मीठ, तिखट, डाळ, पाणी सगळ्याचं तोंडी गणित करून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्रैराशिकाचा कुणाला तरी उपयोग होतोय म्हणून मला बरं वाटत होतं.

सोमवारी गाडीतून उतरले तर ते वाट बघत उभे. "गनित चुकलं बाई."

"चुकणार नाही, अण्णा. मी दोनदा पडताळलं."

"मीठ बराबर निगालं, तिखट बराबर निगालं. पान्यानं दगा दिला. कढईतलं पानी सावकाश आटतं. तीन मानसाच्या भगुन्यातलं दम काढत न्हाई. बुड लागलं, समदं करपलं." मग म्हणाले, "मोटं करायला आपुन शिकलो, आता बारकं करायला शिकायचं. त्ये येगळं काम हाय."

मग त्यांनी सगळं नव्यानं आखलं. एका टायमाला एकच रूट. आधी भाकरी, ती जमल्याशिवाय कालवणाची गाडी सोडायची नाही. ड्यूटी पहाटे सुरू होऊन दुपारी संपायची, मग बाजार, दळण, वहिनींचं औषधपाणी, त्यांना अंघोळीला बसवून देणं. शिकायला वेळ असा कुठे नव्हताच. होता तो दोन गाड्यांच्या मध्ये. पूर्वी एखादी गाडी उशिरा आली की अण्णा कंडक्टरवर तुटून पडायचे. आता म्हणायचे, "गाडी लेट हाय म्हंजी आपला तास हाय." आणि समोर जी बाई उभी असेल ती त्या तासाची मास्तरीण.

पण या शाळेत एक अडचण होती. प्रत्येक मास्तरणीचा अभ्यासक्रम निराळा. मिरजगावची बाई सांगायची, उकळतं पाणीच पाहिजे. राशीनची म्हणायची, उकळतं कशाला, कोमट बास. एक म्हणायची, पीठ मळून मळून लोण्यासारखं करा. दुसरी म्हणायची, जास्त मळलं तर भाकरी वातड होते. सासूनं सांगितलेलं सून त्यांच्यादेखतच खोडून काढायची, आणि दोघी भांडत गाडीत चढायच्या. अण्णांनी कुणाचंही खोटं ठरवलं नाही. ते आजचं ऐकायचे आणि उद्या पहाटे ड्यूटीवर निघायच्या आधी करून बघायचे. त्यातून त्यांना कळलं की भांडण पाण्याचं नाहीच, पिठाचं आहे. ताज्या दळणाला कसंही पाणी चालतं. पीठ जुनं होऊन त्याची विरी गेली, चिकटपणा गेला, की उकळत्या पाण्याशिवाय ते एकत्र येत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आठ बायकांची आठ उत्तरं समोर ठेवून त्यांनी ते शोधलं होतं. मला सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला मंगलच्या या कंट्रोलर बापाचा हेवा वाटला.

थापणं मात्र ऐकून येत नाही. ते हातानंच करावं लागतं, आणि पीठ वाया घालवायची त्यांची तयारी नव्हती. केबिनच्या मागे पिण्याच्या पाण्याचा रांजण होता, त्याखाली चिकणमाती साचायची. दोन गाड्यांच्या मध्ये अण्णा तिकडे जायचे, मातीचा गोळा घ्यायचे आणि फरशीच्या तुकड्यावर थापत बसायचे. स्टँडचा झाडूवाला एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, अण्णांचं कायतरी बिनसलंय. मातीच्या भाकऱ्या करत्यात आन मोडत्यात." मी म्हटलं, करू दे. त्याचं समाधान झालं नाही.

एकदा तर कहरच झाला. अण्णांनी जामखेडच्या गाडीची घोषणा केली आणि माइक बंद करायचा विसरले. समोर एक म्हातारी उभी होती. सबंध स्टँडवर आवाज घुमला, "आज्जे, आता खरं सांग, भाकर तव्यावर टाकल्यावर वरनं पानी फिरवायचं, ते सुकायच्या आधी उलटायची का सुकल्यावर?"

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. मग उसाच्या रसाच्या गाड्यावरून एक बाई ओरडली, "थोडं वलं असतानाच वो अण्णा!" दुसरीकडून कुणीतरी म्हटलं, "काय सांगती, सुकू द्यावं लागतं!" जामखेडच्या गाडीतल्या बायका खिडक्यांतून माना बाहेर काढून वादात उतरल्या. गाडी तशीच पुढे निघून गेली, तरी मागच्या खिडकीतून एकीचा हात उलटापालटा होत दिसत होता.

"घरात कुनी शिकतंय का अण्णा?" बायका विचारायच्या.

"व्हय, शिकतंय एक जन," अण्णा म्हणायचे. ते काही खोटं नव्हतं. बायकांनी त्याचा अर्थ लावायचा तो लावला: आई अंथरुणाला, बाप पोरीला तयार करतोय. आणि तालुक्यात एसटीनं माणसं जातात तशा गोष्टीही जातात.

अण्णांच्या बोटांना भाजल्याचे डाग पडले, मग ते डाग निबर झाले. मंगल मला शाळेत बातम्या द्यायची. आज भाकरीच्या चार चिरफळ्या झाल्या. आज गोल झाली पण कच्ची. आई पुढ्यात येईल ते खाते आणि भिंतीकडे बघते. आणि एक दिवस, जानेवारीत असेल, प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "बाई, आज फुगली." एवढंच म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. त्या दिवसापासून तिनं माझा पहिला तास कधी बुडवला नाही. मला इतका आनंद झाला की त्या तासाला मी कुणालाच गृहपाठ विचारला नाही.

उन्हाळ्यात मुदत संपली. आक्का आल्या, ताटात चांगली भाकरी बघितली. पोरगी शाळा सांभाळून घरही करते म्हटल्यावर त्यांना बोलायला जागा राहिली नाही. "मंग जाऊ दे अजून वरीसभर," म्हणाल्या. खरं सांगायला शालनवहिनींनी मनाई केली होती आणि अण्णांना ते सोयीचंच होतं. मंगल दहावीत गेली. मलाही वाटलं, निभावलं.

पण तेच अंगावर आलं. दहावीच्या वर्षी, पेपर दोन महिन्यांवर आले असताना, आक्कांचा निरोप आला. कर्जतचंच स्थळ आहे, दोन गल्ल्या सोडून. मुलाचे आईबाप येत्या रविवारी नुसते जेवायला येतील. पोरगी हाताची चांगली आहे असं त्यांच्या कानावर आलंय. कुठून आलं असेल ते सांगायला नको. आक्कांनी पुढचंही ठरवून टाकलं होतं: घर जवळ आहे, पोरगी सकाळी सासरचं करील आणि दुपारी येऊन आईचं करील. कुणाचीच अडचण नको.

शनिवारी अण्णा बाकाशेजारी येऊन बसले. इतर वेळी ते कधी बसत नसत. "बाई, आज नगरला जाऊ नका. उद्या घरी जेवायला या. तुमी तिच्या शाळंच्या. तुमी सांगितलं तर आक्का ऐकंल."

"तुम्हीच का सांगत नाही?"

"मला न्हाई व्हायचं," ते म्हणाले. एवढा मोठा माणूस, आणि डोळ्यांत पाणी होतं.

मी गेले. पाहुणे यायच्या आत अण्णांनी सगळा स्वयंपाक करून हात धुतले होते आणि धुतलेला शर्ट घालून बाहेर येऊन बसले होते. वाढायला मंगल. वांग्याचं कालवण, ठेचा, आणि दुरडीत फडक्याखाली भाकरी. मुलाचे वडील, आई आणि आक्का जेवायला बसले. शालनवहिनी भिंतीला टेकून, हात पदराखाली घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी.

मुलाच्या आईनं भाकरीचा पापुद्रा उचलला, आतली वाफ बघितली, घास घेतला. "आक्का, तुमी म्हनला त्ये खरं हाय," म्हणाल्या. "ह्या वयात असा हात न्हाई बघितला मी."

"घर तिनंच सांभाळलंय," आक्का म्हणाल्या. "आता दहावीचे पेपर दिले काय आन न दिले काय. चैतात उरकून टाकू."

मी म्हटलं, "आक्का, मंगल वर्गात पहिल्या पाचात आहे. पेपर तरी देऊ द्या. ती पुढे खूप शिकेल."

आक्का माझ्यावर चिडल्या नाहीत. समजुतीनं म्हणाल्या, "बाई, तुमचं बराबर हाय. पन तुमी शाळंतल्या. तुमाला फळा दिसतो, आमाला चूल दिसती." मी अण्णांकडे बघितलं. ते दुरडीकडे बघत होते. मंगल पाण्याचा तांब्या धरून उभी होती आणि तिनं कुणाकडेच बघितलं नाही.

तेव्हा शालनवहिनी बोलल्या. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू आला.

"ही भाकर मंगलची न्हाई."

आक्का हसल्या. "मंग कुनाची, शेजारनीची?"

"त्यांची." वहिनींनी पदराखालून हात काढला आणि वाकड्या बोटांचा तो हात अण्णांकडे केला. "वरीस हून गेलं, चुलीपुढं त्येच बसत्यात. कालवन बी त्यांचंच हाय. मीच पोरीला सांगितलं हुतं, तुजं नाव सांग म्हनून. माजी लाज झाकायला." त्यांनी हात तसाच पुढे ठेवला. "तेवढ्या येळात पोरीनं पुस्तकं वाचलीत. तिला पेपर देऊ द्या."

मुलाच्या वडिलांनी आधी अण्णांच्या मिशांकडे बघितलं, मग हातातल्या घासाकडे. अन्न टाकणं त्यांच्याही रीतीत नव्हतं, त्यांनी ताटातली भाकरी संपवली, हात धुतले आणि म्हणाले, "चहा राहू द्या. गडबड हाय." त्यांच्या बायकोनं जाताना मंगलच्या तोंडावरून हात फिरवला. बाई वाईट नव्हती.

दोन दिवसांनी आक्कांकरवी निरोप आला. ज्या घरात बाप्या चुलीपुढं बसतो त्या घरची पोरगी आम्हाला पेलायची नाही. पुढे आक्का कितीतरी दिवस बोलत नव्हत्या. दिवाळीला मात्र आल्या, अण्णांच्या हातची भाकरी त्यांच्यासमोर बसून खाल्ली आणि म्हणाल्या, "कडा जाड हाय तुजी." अण्णांनी ते मनावर घेतलं आणि पुढचे आठ दिवस खिडकीवर येणाऱ्या बायकांना कडा पातळ कशी करायची ते विचारत बसले.

गोष्ट स्टँडवर पसरायला एक सकाळ पुरली. ड्रायव्हर लोकांना आयतंच कोलीत मिळालं. "अण्णा, दोन भाकरी टाका की आमच्याबी," असं येता-जाता व्हायचं. अण्णा गाडीच्या कागदावर सही करता करता म्हणायचे, "टाकतो. आदी गाडी टायमावर आन." दोनेक महिन्यांत चिडवणाऱ्यांनाच कंटाळा आला. एक कंडक्टर, ज्याची बायको बाळंतपणाला गेली होती, तो तर एक दिवस खिडकीशी उभा राहून खालच्या आवाजात काहीतरी विचारत होता. अण्णा त्याला हवेत हात फिरवून दाखवत होते.

त्या घरी मी पुढे बऱ्याचदा जेवले. अण्णांचं कालवण शेवटपर्यंत थोडं तिखटच राहिलं, गावजेवणाची सवय गेली नाही. पण भाकरी नगर जिल्ह्यात कुठेही मांडावी अशी. वहिनींनी कधी तोंडावर कौतुक केलं नाही. पहिल्यांदा त्या नुसत्या खायच्या, पुढे पुढे सांगायला लागल्या, "आज पीठ सैल झालंय," "आज तवा तापला न्हवता." अण्णा म्हणायचे, "बघा बाई, आता गुरू घावली. इतके दीस गावभर हुडकत हुतो." वहिनी त्यावर डोळे वटारायच्या, पण सांगायचं थांबवलं नाही.

मंगल दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, बारावी झाली आणि नर्सिंगसाठी नगरला गेली. हॉस्टेलला जाताना ती रडली नाही. अण्णा रडले, आणि माइकवर त्या गाडीची घोषणा करताना "नगर" म्हणून मध्येच थांबले. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात माझीही बदली नगरला झाली. निघायच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला म्हणून मी त्यांच्याकडे गेले. अण्णांची सुट्टी होती.

दोघं घरापुढच्या ओट्यावर उन्हात बसली होती. वहिनी खालच्या पायरीवर, अण्णा वर, त्यांच्या मागे. वहिनींचे मोकळे सोडलेले केस कंबरेपर्यंत आले होते. घरी होती तोवर वेणी मंगल घालून द्यायची, ती गेल्यापासून केसांचं काय करायचं हे कुणाला सुचलं नव्हतं. अण्णा दातांत फणी धरून केसांचे पेड वेगळे करत होते. भाकरीवर चालणारे ते मोठे, डागाळलेले हात केसांत मात्र पार हरवले होते.

"बाई, बघा वो," फणी काढून ते म्हणाले, "तीन पेड घेतो, शेवटाला दोनच ऱ्हात्यात. तिसरा जातो कुटं?"

मी जवळ जाऊन बघितलं. वेणी वरून बरी होती, मानेपाशी आल्यावर सुटून तिची दोरी झाली होती. मी करून देते म्हटलं, तर अण्णांनी मान हलवली. "न्हाई. तुमी आज चालला. उद्या कोन करंल?" आणि त्यांनी सगळी वेणी उलगडली आणि पुन्हा वरून सुरुवात केली.

गल्लीतून बायका पाण्याला चालल्या होत्या. एक-दोघी थांबून बघायला लागल्या. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं, पदर ओढला नाही. मांडीवर ठेवलेला आरसा त्यांनी दोन्ही मनगटांत धरून वर केला, जरा डावीकडे वळवला, म्हणजे मागे बसलेल्या माणसाचा चेहरा त्यात नीट यावा.

"सावकाश घाला," त्या म्हणाल्या. "मला कुटं जायाचं न्हाई."